प्लेटच्या मागचा तांदूळ

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शिकागोजवळ शॉमबर्गला मुलाच्या घरी राहत होतो, अजूनही तिथेच आहे. दुपारी बेसमेंटमध्ये पाणी तापवायच्या टाकीशेजारी खुर्ची टाकून बसायची माझी सवय. सुनेला वाटतं बाबांना थंडी वाजते. मला त्या टाकीचा आवाज आवडतो, एवढंच. सगळा जन्म वाफेच्या आवाजात गेला, गप्प खोलीत मला बसवत नाही.

त्या सप्टेंबरात एक गोरा माणूस दारात आला. तिशीतला, दाढीवाला, काखेत कापडी पिशवी. बायकोनं दार उघडलं, मी मागे उभा. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्हीच स्टीम का?"

या नावानं मला पस्तीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "आत ये."

त्याच्या पिशवीत आमच्या रेकॉर्डी होत्या. पिवळा कागद, त्यावर निळा लांब चोचीचा पक्षी. तो पक्षी आमच्या मालकीणबाईंच्या माहेरच्या देशात म्हणे धुराड्यावर घरटं करतो. मी पहिल्या दिवशी त्याला बगळा म्हटलं, आणि माझ्यापुरती ती कंपनी शेवटपर्यंत बगळा छापच राहिली. हा माणूस आमची जुनी गाणी परत काढणार होता आणि सोबत एक पुस्तक देणार होता, बगळा छापचा सगळा इतिहास. बाईंच्या भाच्याकडे ख्रिसमस कार्डांच्या पत्त्यांची वही होती, तिच्यात त्याला मी सापडलो.

"हिच्याबद्दल ऐकायचंय मला," तो म्हणाला आणि एक रेकॉर्ड पुढे केली. हातात घ्यायच्या आधीच मला कळलं ती कुठली.

आता हे सगळं नीट सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी सातवी नापास. सोलापूरच्या मिलमध्ये बॉयलरवर होतो, त्याचं सर्टिफिकेट मात्र पहिल्या झटक्यात काढलेलं. माझा मेव्हणा शिकागोत डॉक्टर होता. त्यानं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावलं, आणि तिच्यासोबत मी आलो. "माझ्या पदराला धरून अमेरिकेत आलात," हे बायकोनं मला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. मेव्हण्याकडे गुडघा दाखवायला एक विधवा बाई येत असत. त्यांच्या छोट्या कारखान्यातला बॉयलरवाला काम सोडून गेला होता. मेव्हणा म्हणाला, माझ्या घरी एक बसून आहे.

बाईंचा नवरा ॲकॉर्डियन दुरुस्त करायचा. गळ्यात अडकवून भाता ओढत वाजवायची पेटी, तीच ती. त्यांच्या लोकांच्या लग्नात ती वाजतेच. एकदा एका लग्नाच्या बँडला रेकॉर्ड काढायची होती आणि मोठ्या कंपन्या त्यांना दारात उभं करेनात. त्यानं रागानं दोन जुने प्रेस विकत घेतले, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात बसवले आणि स्वतःच रेकॉर्ड काढली. पुढे तो वारला. सगळे म्हणाले विकून टाका. बाईंनी विकलं नाही. तीच बगळा छाप कंपनी. बाई, मी, गठ्ठे बांधणाऱ्या दोन बायका, आणि गावाच्या पलीकडच्या टोकाला एक प्लेटवाला.

बाई माणसाला कामाच्या नावानं हाक मारत. मी स्टीम. प्लेटवाला प्लेट. पोस्टाची गाडी घेऊन येणारा तो पोस्ट. स्वतःला त्या ओव्हन म्हणवत, कारण रेकॉर्डीच्या मधोमध लागणारा तो गोल पिवळा कागद आधी भाजून घ्यावा लागतो. त्यात ओल राहिली तर प्रेसमध्ये फोड येतो. तो कागद त्या घरच्या ओव्हनमध्ये भाजत, खसखशीच्या केकच्या वरच्या कप्प्यात. आमच्या रेकॉर्डीला नवी असताना खसखशीचा वास येई. तो दाढीवाला हे ऐकून इतका खूश झाला की त्यानं आणलेली रेकॉर्ड नाकाला लावली. मी म्हटलं, "आता नाही यायचा. चाळीस वर्षं झाली."

रेकॉर्ड बनते कशी, हे दोन वाक्यांत सांगतो. प्लेट म्हणजे निकेलचा पातळ पत्रा, त्यावर गाण्याचा उलटा ठसा. एक प्लेट प्रेसच्या खालच्या तव्यावर बसवायची, एक वरच्या, मध्ये काळ्या प्लास्टिकचा गरम उंडा ठेवायचा आणि दाबायचं, पापडाच्या मशीनसारखं. तव्यात आधी वाफ सोडायची, मग थंड पाणी. वाफ कमी पडली तर गाणं घोगरं होतं, जास्त झाली तर रेकॉर्ड वाकते. बाईंच्या पोल्का अन् वॉल्ट्झच्या नाचगाण्यांमधलं मला काही कळत नव्हतं, पण रेकॉर्ड चांगली निघाली की नाही ते मला प्रेस उघडतानाच्या सुस्काऱ्यावरून कळायचं. यात मला कुणी हरवावं.

सोलापुरात दसऱ्याला यंत्र बंद. पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, अक्षता टाकायच्या. त्या दिवशी कुणी हँडलला हात लावत नाही. पहिल्या वर्षी मी बाईंना आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या मशीन चालणार नाही."

"बिघडलं?"

"नाही. उद्या तिचा सण आहे."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "मशीनला सुट्टी?"

"वर्षातून एक."

"माझ्या नवऱ्यानं मला तेवढीही दिली नाही," त्या म्हणाल्या, आणि सुट्टी दिली. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या अंगणातली नारिंगी फुलं आणली आणि पूजा संपेपर्यंत पर्स हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चर्चमधल्या कुणी विचारलं, तुमच्याकडे हे काय चालतं, तर म्हणाल्या, "स्टीमची मशीन कधी बंद पडली नाही. तुमची पडते ना?"

तिसऱ्या दसऱ्याला ते झालं.

बाईंच्या नवऱ्याचा एक जुना मित्र होता, ॲकॉर्डियन वाजवणारा. बोटं आखडत चालली होती. त्याचं वाजवणं बाईंनी कसंबसं टेपवर घेतलं होतं. प्लेट येऊन पडली होती. दसऱ्याच्या दिवशी मी जुन्या प्लेटा काढून ठेवल्या होत्या, तवा उघडा होता. बायकोनं पुडीत बांधून दिलेलं कुंकू ओलं करून लावलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी प्लेट बसवायची. प्लेट बसवायच्या आधी तवा स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा, हा नियम. मी तो रोज पाळत होतो. त्या दिवशी फडकं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. कारण पूजा केलेलं दुसऱ्या दिवशी पुसायचं नसतं. ते आपोआप जाईल तसं जाऊ द्यायचं. आईनं सांगितलेलं. मी तव्यावर फुंकर मारली, तळहात फिरवला आणि प्लेट बसवली.

पहिली निघालेली रेकॉर्ड मी लावून पाहिली, सुरुवात आणि शेवट, नेहमीसारखी. दोन्ही स्वच्छ. दुपारी बाईंनी जेवताना एक पूर्ण लावली. मध्यावर टक्. मग पुन्हा टक्. सुईचा एक फेरा झाला की टक्, असं मिनिटभर, आणि मग परत स्वच्छ. तोवर तीनशे निघाल्या होत्या.

मी प्रेस थांबवला, प्लेट काढली. खाली तव्यावर एक तांदूळ. चपटा झालेला, भाजून तपकिरी, कुंकवानं तव्याला घट्ट चिकटलेला. वरून इतका दाब आला की त्यानं निकेलच्या पत्र्याला मागून फोड आणला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी नखानं तो तांदूळ काढला आणि तोंडात टाकला.

लपवायला टाकला की अक्षता फेकायच्या नसतात म्हणून टाकला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

प्लेटवाला संध्याकाळी आला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, एकट्याच्या जिवावर दुकान चालवणारा, निकेलच्या पाण्यानं बोटं कायम हिरवट. बगळा छापची अगदी पहिली प्लेट त्यानंच केलेली. त्यानं प्लेट खिडकीशी नेली, भिंग लावलं, मग उलटी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"समोर काही नाही," तो म्हणाला. "मागून ढकललंय. तव्यावर काहीतरी होतं."

"तवा मी पुसतो," मी म्हटलं. "रोज पुसतो."

रोज हा शब्द खराच होता. एक दिवस सोडून.

तो म्हणाला, "आज पुसलास?"

बाई मध्ये आल्या. "स्टीम खोटं बोलत नाही."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. पण मी काय सांगणार होतो? की तांदूळ होता? गठ्ठे बांधणाऱ्या त्या दोन्ही बायका हसल्या असत्या. पुढच्या वर्षी फुलं आली नसती, मशीनचा सण बंद झाला असता. आणि सातवी नापास माणसाकडे एकच गोष्ट होती, की त्याची मशीन स्वच्छ असते. मी गप्प राहिलो. प्लेटवाल्यानं ती प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत मारली. "माझी प्लेट स्वच्छ होती," एवढं बोलून गेला. त्यानंतर आमच्या प्लेटा दुसरीकडून पार्सलनं यायला लागल्या.

त्या तीनशे रेकॉर्डी बाईंनी चर्चच्या जत्रेत विकल्या. वाजवणारा म्हातारा म्हणाला, "मला तर बरं वाटतं. कुणीतरी पायानं ताल धरलाय असं." तो पुढच्या उन्हाळ्यात गेला. मग कॅसेटी आल्या. बाईंचे हात थरथरायला लागले, ओव्हनमधले कागद करपायला लागले. बगळा छाप बंद झाली, प्रेस भंगारात गेले. मी एका शाळेच्या बॉयलरवर लागलो. प्रेसचा मोठा पाना तेवढा बाईंनी मला दिला. दसऱ्याला मी अजून त्याची पूजा करतो.

तर हीच रेकॉर्ड दाढीवाल्यानं माझ्यापुढे धरली होती. लोक आता ती शोधत फिरतात म्हणे, त्या टक् टक् आवाजासाठी. त्यानं विचारलं, "हे कशामुळे झालं? भाचा म्हणतो, बाई सांगायच्या प्लेट खराब होती. प्लेटवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, आधी स्टीमला विचार, मग मला विचार."

प्लेटवाला जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बाई जे सांगत होत्या ते लिही."

तो लिहून घेऊन गेला. बायको चहाचे कप उचलत होती. तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तिला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

तीन आठवड्यांनी टपालानं कागद आले. पुस्तक छापायच्या आधी वाचून चूक असेल तर कळवा, असं. मला इंग्रजी बोलता येतं, वाचायचं म्हणजे दमायला होतं. बायको मॅट्रिक आहे, ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं होती. ती स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता वाचून मराठीत सांगत होती. ओव्हन, बगळा, खसखस, सगळं नीट आलं होतं. मग ती थांबली. चष्मा काढला.

"प्लेटवाल्याच्या निष्काळजीपणामुळे," ती म्हणाली. "असं छापतायत."

मी लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. टाकीशी नाही."

"बाई गेल्या," मी म्हटलं. "इतकी वर्षं झाली. आता कुणाला काय पडलंय?"

"त्याला पडलंय. पहिली प्रत त्याला पाठवणार, असं लिहिलंय इथं. शहाऐंशी वर्षांचा माणूस पुस्तक उघडणार आणि हे वाचणार."

"मग मी काय करू?"

"सातवी नापास झालात तेव्हा मास्तरांचा दोष होता. मिलमध्ये हात भाजला तेव्हा व्हॉल्व्हचा. तुमचा स्वतःचा असा एक तरी दोष असेल ना हो या जगात? का तोही माझ्या भावानं स्पॉन्सर करायचा?"

मी उठून खाली गेलो. ती जिन्यावरून म्हणाली, "आणि तांदूळ माझ्या डब्यातले होते. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर चाललेत."

चार दिवसांनी दसरा होता. सकाळी पान्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मग वर येऊन मुलाला म्हटलं, "डेव्हन ॲव्हेन्यूला सोड. पेढे आणायचेत."

मुलगा घरून काम करतो. कानाला हेडफोन होता, कुठल्यातरी मीटिंगमध्ये. म्हणाला, "बाबा, पेढे इथं स्टोअरमध्येही मिळतात."

"तिथलेच पाहिजेत."

बायको आधीच साडी नेसून तयार होती. प्लेटवाल्याचा पत्ता तिनं दाढीवाल्याला फोन करून घेतला होता. मला विचारलंही नव्हतं. म्हाताऱ्या लोकांची एक इमारत, आपल्या लोकांची दुकानं आहेत त्या डेव्हनपासून दोन बस स्टॉप. मुलानं मीटिंग चालू ठेवूनच गाडी चालवली. पेढे घेतले आणि आम्हाला त्या दारात उतरवलं. "हे पेढेवाल्याचं घर आहे का?" त्यानं विचारलं. त्याची आई म्हणाली, "तू पार्किंग शोध."

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. बारीक झाला होता, हातात चालायची फ्रेम. बोटं मात्र आता स्वच्छ. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"स्टीम," तो म्हणाला. "आत या. बूट राहू देत."

खोलीत एक खाट, एक टीव्ही, आणि खिडकीशेजारी भिंतीवर ती प्लेट. खिळ्याला टांगलेली. पाठ बाहेर, तोंड भिंतीकडे. लोक गाण्याची बाजू बाहेर ठेवतील. यानं पाठ ठेवली होती.

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलायचं राहिलं असतं. म्हटलं, "प्लेट स्वच्छ होती. तवा मी पुसला नव्हता."

तो खाटेवर बसला. फ्रेम बाजूला सरकवली. मग म्हणाला, "काय होतं?"

"तांदूळ."

"काय?"

"तांदळाचा दाणा. पूजेचा."

"मी चाळीस वर्षं विचार करतोय," तो म्हणाला. "वेल्डिंगचा मणी असेल. छिन्नीचा तुकडा असेल. झोपेत सुद्धा. तांदूळ." मग त्यानं मान वर केली. "शिजवलेला का कच्चा?"

"कच्चा," बायको म्हणाली. "माझ्या घरचा."

त्यानं मला प्लेट काढायला सांगितली. माझा हात धरून माझं बोट तिच्या पाठीवर ठेवलं. इवलासा लांबट खड्डा होता, टोकाला निमुळता. डोळे मिटून कुणालाही ओळखता आला असता. त्याला आला नाही, कारण त्याच्या घरी तांदूळ नव्हता.

"का पुसला नव्हतास?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सण, आई, आपोआप जाऊ द्यायचं, सगळं. बोलता बोलता माझाच आवाज चढला. म्हटलं, "पूजा मी सोडणार नाही."

"कोण म्हणतंय सोड? मी म्हणतो दुसऱ्या दिवशी पूस. तुझ्या देवाला स्वच्छ तवा चालत नाही का?"

"ते माझं मी बघीन."

"बाई बरोबर म्हणायची," तो बायकोला म्हणाला. "याच्यापेक्षा बॉयलर ऐकतो."

"मला काय सांगताय," बायको म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा उघडला.

बाईंची गोष्ट निघाली. "शेवटी शेवटी मला एकदा कार्ड आलं होतं तिचं," तो म्हणाला. "त्यावर काहीच नव्हतं लिहिलेलं. नुसता तो पक्षी." मग त्यानं टेबलावरचा फोन उचलला, एक एक आकडा दाबत नंबर लावला. पलीकडून दाढीवाल्याचा आवाज आला. हा म्हणाला, "स्टीमला विचारलंस का? मग आता विचार," आणि फोन माझ्या हातात दिला.

प्लेटवाल्याच्या डोळ्यांसमोर मला ते सगळं पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. तोडकंमोडकं झालं. दाढीवाल्यानं दोनदा विचारलं, तांदूळ? मी दोनदा सांगितलं. "निष्काळजीपणा लिहायचा असेल तर लिही," मी म्हटलं, "फक्त प्लेटवाल्याच्या जागी स्टीम लिही." प्लेटवाला पेढा खात होता. खाताना मान हलवत होता, पेढ्याला की मला ते कळलं नाही.

निघताना त्यानं प्लेट परत भिंतीवर लावायला सांगितली. मी खिळ्यावर अडकवली. तो म्हणाला, "उलटी." मी फिरवली. गाण्याची बाजू बाहेर आली, खिडकीचा उजेड तिच्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी बेसमेंटमध्ये गेलो. पाना टाकीवरच होता, कुंकू वाळलेलं, फूल सुकलेलं. जुन्या बनियनचा तुकडा घेतला, त्यावर स्पिरिट ओतलं आणि पाना पुसला. आधी दांडा, मग जबडा. जबड्याच्या फटीत एक तांदूळ होता, तो टाचणीनं काढला, आणि फट परत एकदा पुसली.